तासभर नुसतं बघायचं

मुलांच्या मनावर उपचार करायला शिकायचं असेल, तर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये आधी काहीही न करता बसायला शिकावं लागतं. एखाद्या साध्यासुध्या घरात बाळ यायचं असतं. त्या आईवडिलांची परवानगी काढायची आणि बाळ जन्मल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत दर आठवड्याला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तासभर त्या घरी जाऊन बसायचं. वही काढायची नाही, सल्ला द्यायचा नाही, मावशी किंवा आत्याही व्हायचं नाही. आई बोलली तर माणुसकीनं उत्तर द्यायचं, एवढंच. घरी परतल्यावर मात्र आठवेल ते सगळं क्रमानं लिहून काढायचं, तेही रोजच्या भाषेत. ‘बाळ असुरक्षित वाटलं’ हे चालत नाही. आई दाराकडे वळली तेव्हा बाळाची मूठ तोंडाशी गेली, चोखणं थांबलं, मान त्या बाजूला वळली, असं लिहावं लागतं.

ही पद्धत एस्थर बिक यांची. जन्म 1902, पोलंडमधल्या एका ज्यू कुटुंबातला. व्हिएन्नात शार्लोट ब्यूलर यांच्या हाताखाली त्यांनी बालमानसशास्त्रात डॉक्टरेट केली. तिथे मुलांचं निरीक्षण म्हणजे हातात स्टॉपवॉच आणि प्रतिसादांची मोजदाद. बिक यांना ते कधी रुचलं नाही. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर त्या निसटून इंग्लंडला आल्या. मागे राहिलेल्या बहुतेक नातलगांची हत्या झाली. 1948 मध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी टॅव्हिस्टॉकमध्ये बाल-मनोचिकित्सकांचा अभ्यासक्रम सुरू केला, तो बिक यांच्याकडे सोपवला आणि त्यांनी त्यात हे बाळ-निरीक्षण घातलं. मजा अशी की या दोघांचं फारसं जमलं नाही. बोल्बींना प्रत्यक्ष घडलेला विरह, त्याचे पुरावे हवे होते. बिक मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांच्या पंथातल्या, त्यांचं लक्ष बाळाच्या आतल्या जगाकडे. 1960 मध्ये बिक तिथून बाहेर पडल्या. पद्धत मात्र टिकली आणि मार्था हॅरिस यांनी पुढे ती देशोदेशी नेली.

नुसतं बघणं हे सोपं काम वाटतं. ज्याला मुलांची आवड आहे, म्हणूनच जो या पेशात आला आहे, त्याच्यासाठी ते सगळ्यांत अवघड. बाळ रडतंय, आई फोनवर आहे, आणि आपण खुर्चीला खिळलेले. आईचा राग येतो. पुढच्या आठवड्यात तीच आई रात्रभर जागलेली दिसते आणि आता राग बाळाचा येतो. आपण कुणाची बाजू घेतली, केव्हा घेतली, हे त्या घरात बसून कळत नाही.

ते कळतं सेमिनारमध्ये. साधारण पाच जणांचा गट आणि अनुभवी मार्गदर्शक. आठवड्यातून एकदा बैठक, दर वेळी एकाची पाळी. तो आपलं टिपण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात, मग एकेक तपशील उकलत जातात. लिहिणाऱ्यानं चार ओळींत उरकलेले क्षण गटाला दिसतात. घड्याळाकडे तीनदा नजर गेली, ती नेमकी कधी? आजी आल्यावर बाळाचं वर्णनच का थांबलं? इथे निरीक्षकाची चीड, कंटाळा, झोप येणं हे त्याचे दोष धरले जात नाहीत. त्या खोलीत काय चाललं होतं, याची ती खूण मानली जाते. माझ्या मते या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. बाकी पेशे शिकवतात की भावना दाराबाहेर ठेवून या. इथे सांगतात की आत घेऊन या, पण तपासून घ्या.

हीच रीत मग पाळण्यापाशी थांबली नाही. शिक्षक, परिचारिका, समाजसेवक, पाळणाघरातल्या ताया आपापल्या कामातला एखादा प्रसंग लिहून आणू लागल्या. या दुसऱ्या प्रकाराला ‘वर्क डिस्कशन’ म्हणतात, आणि मार्गारेट रस्टिन व जोनाथन ब्रॅडली यांनी संपादित केलेलं त्याच नावाचं पुस्तक 2008 मध्ये आलं. समजा, एक शिक्षिका लिहून आणते: वर्गातला सहा वर्षांचा मुलगा रोज सुटीच्या आधी कुणाला तरी चावतो. गट उपाय सुचवत नाही. सुटीच्या आधी काय घडतं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारतो. वाचता वाचता बाईंच्याच लक्षात येतं की त्या वेळी त्या फळा पुसत असतात, वर्गाकडे त्यांची पाठ असते. पुढे काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं.

दिसलं ते लिहायचं आणि त्यावर बोलायचं, या रीतीची मुळं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही सापडतात. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी लंडनमध्ये हॅम्पस्टेडला बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या मुलांसाठी निवासी शिशुगृहं चालवली. तिथे बॉयलर सांभाळायला जेम्स रॉबर्टसन नावाचा तरुण होता. बाईंचा दंडक असा की शिकलेला असो वा नसो, प्रत्येक कर्मचाऱ्यानं मुलांविषयी जे दिसेल ते कार्डावर लिहायचं. आठवड्याला त्यावर चर्चा होई. कोळसा टाकणारा माणूसही त्यातून सुटला नाही. हाच रॉबर्टसन 1948 मध्ये बोल्बींकडे आला आणि 1952 मध्ये त्यानं रुग्णालयात आठ दिवस आईविना राहिलेल्या दोन वर्षांच्या लॉराची फिल्म केली. ती पाहून डॉक्टर-परिचारिका खवळले. ही मुलगीच वेगळी आहे, म्हणाले. रोज डोळ्यांसमोर होतं तेच पडद्यावर आलं होतं. 1959 च्या प्लॅट समितीनं आईवडिलांना वॉर्डात मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली, त्यामागे या फिल्मचा मोठा हात होता.

माणसं समोरचं का बघत नाहीत, याचं उत्तर त्याच सुमारास मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस यांनी एका निबंधात दिलं. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणी प्रशिक्षण अर्धवट सोडत होत्या. मेंझीस यांना दिसलं की कामाची रचनाच अशी केलेली आहे की कुणाचा कुणाशी लळा लागू नये: एकीनं सगळ्यांचं तापमान बघायचं, दुसरीनं सगळ्यांना जेवण द्यायचं, सतत बदल्या, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकानं ओळखायचं. दुःखापासून वाचायला बांधलेली ही भिंत आणि तिच्याखालीच काम करणाऱ्या मुली गुदमरत होत्या. हा निबंध आजही शाळांना, बालगृहांना तितकाच लागू पडतो.

भिंतीची किंमत कधी कधी मुलं मोजतात. आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बी 2000 मध्ये लंडनमध्ये, सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्याच छळानं मेली. डॉक्टर, पोलीस, समाजसेवक सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. लॉर्ड लेमिंग यांच्या 2003 च्या चौकशी अहवालानं तिला वाचवण्याच्या हुकलेल्या बारा संधी मोजल्या आणि 108 शिफारशी केल्या. त्यानंतर नियम वाढले, अर्ज वाढले. शेवटी 2011 मध्ये आयलीन मन्रो यांना बालसंरक्षणावरच्या सरकारी अहवालात लिहावं लागलं की कार्यकर्ते मुलांपेक्षा कागदांना जास्त वेळ देत आहेत, त्यांना विचार करायला सवड आणि आधार हवा. जे टॅव्हिस्टॉकच्या खोल्यांत साठ वर्षं चाललं होतं, ते इतक्या वळणानं सरकारदरबारी पोचलं.

शंका घ्यायला जागा आहेच. ही रीत महाग आहे, वेळखाऊ आहे, तिचा लाभ आकड्यांत दाखवणं कठीण. मार्गदर्शक पढिक असला तर पाच माणसं मिळून बाळाच्या प्रत्येक जांभईत सिद्धांत शोधू लागतात. बिक यांचा साध्या भाषेचा आग्रह त्यावरच उतारा होता, पण उतारा दर वेळी चालतोच असं नाही. शिवाय, आपल्या घरात दोन वर्षं मुकाट बसणारी बाई त्या आईला नेमकी कशी वाटते, हे आईच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळतं. काही आयांना तो तास सोबतीचा वाटतो, असं निरीक्षक सांगतात. निरीक्षकच सांगतात.

आणि आपल्याकडे? अंगणवाडी सेविका मुलाचं वजन घेते, उंची मोजते, ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर भरते, आहार वाटते, गरोदर बाईच्या घरी जाऊन येते. गावातलं कोणतं मूल का कोमेजलंय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यासाठी ॲपमध्ये रकाना मात्र नाही. पर्यवेक्षिकेबरोबर तिची बैठक होतेच, पण त्यात आकडे, थकलेली बिलं आणि नवे आदेश. तीत अर्धा तास बाजूला काढावा, एका सेविकेनं एका मुलाबद्दल बोलावं, बाकीच्यांनी उपाय न सुचवता ऐकावं. लिहिण्याचा कंटाळा असेल तर तोंडी सांगावं. अडचण पैशांपेक्षा वेगळी आहे: पर्यवेक्षिकेनं त्या अर्ध्या तासात तपासणी अधिकारी राहून चालणार नाही, आणि तिला तसं बसायला अजून कुणी शिकवलेलं नाही. प्रशिक्षण सुरू करायचं तर ते तिच्यापासून करावं लागेल.