सायकलने पुणे ते पंढरपूर : टप्पे कसे पाडावेत?



येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी, बाबा आणि मामा पुण्याहून सायकलने पंढरपूरला जाणार आहोत. त्याचा आराखडा कसा केला ते सांगतो.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मार्गाने पुणे ते पंढरपूर अंतर सुमारे २२० किलोमीटर आहे. मी लगेच भागाकार केला. दोन दिवस, रोज ११०. "सोप्पं आहे!" मी म्हणालो. आजी हसली. तिने पायी वारी केली आहे. ती म्हणाली, "आरं, दुसऱ्या दिशी पुन्हा उठून चालायचं असतंय. टप्पा पुढच्याच्या न्हाई, मागं राहणाऱ्याच्या पायानं मोजावा."

मागच्या रविवारी आम्ही मामाकडे हडपसरला गेलो आणि दिवे घाट चढून सासवडपर्यंत जाऊन पाहिले. सपाट रस्त्यावर मी तासाला १२ किलोमीटर जातो. घाटात त्याच्या निम्मेही जमेना. दोनदा उतरून सायकल ढकलली. मला वाटले, आता हे मला घरीच ठेवणार! पण बाबांनी वहीतले ११० खोडले आणि माझ्या वेगावरून नवा हिशेब मांडला. तो असा :

पहिला दिवस : पुणे ते जेजुरी, सुमारे ५० कि.मी.
दुसरा दिवस : जेजुरी ते फलटण, सुमारे ६० कि.मी.
तिसरा दिवस : फलटण ते माळशिरस, सुमारे ५७ कि.मी.
चौथा दिवस : माळशिरस ते पंढरपूर, सुमारे ५५ कि.मी.

पहिल्या दिवशी घाट आहे, म्हणून तो टप्पा सर्वांत लहान. दुसरा सर्वांत मोठा, पण त्यात दिवे घाटासारखा चढ नाही. ६० भागिले १२ म्हणजे ५ तास. विश्रांतीचे २ तास धरले की झाले ७. सकाळी साडेसहाला निघालो तर दीड वाजता मुक्कामी पोचू. पंक्चर झाले तरी अंधाराच्या आत पोचता येईल. अंधारात सायकल चालवायचीच नाही, हा आमचा नियम आहे.

वाटेत सासवड, वाल्हे, लोणंद, तरडगाव, बरड, नातेपुते, वेळापूर अशी पालखीच्या मुक्कामाची गावे लागतात. कोणी दमला तर तिथे थांबता येते. म्हणून आम्ही एक दिवस जादा राखून ठेवला आहे. पालखीसुद्धा पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री थांबते.

सोबत पंप, पाना, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पाणी, गूळ-शेंगदाणे आणि दशम्या घेणार आहोत. सर्वांत पुढे मी असेन, मागे बाबा. म्हणजे कोणी मला सोडून पुढे जाणार नाही!

मित्रांनो, तुम्हीही आपल्या गावाहून पंढरपूरचे टप्पे पाडून बघा. मात्र भागाकार करण्याआधी आपल्यात सर्वांत हळू कोण, ते विचारा.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी