पांढऱ्या पेशींचे शर्कराकवच

रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर शर्करांच्या फांदीदार साखळ्यांचे दाट आवरण असते. साखळीचा गाभा सर्व सस्तन प्राण्यांत जवळपास सारखाच असतो. प्रजातींमधला फरक दिसतो तो टोकाला.

गाय, डुक्कर, उंदीर यांच्या पेशींवर अल्फा-गॅल ही शर्करा असते. माणूस, चिंपांझी आणि आशिया-आफ्रिकेतली माकडे यांच्यात ती नाही. ती बनवणारे जनुक त्यांच्या पूर्वजांत दोनेक कोटी वर्षांपूर्वीच निकामी झाले. दुसरी उणीव मात्र यांच्यापैकी फक्त माणसाची. चिंपांझी, घोडा, गाय ग्लायकोलिल प्रकारचे सियालिक आम्ल तयार करतात. माणसात त्याचे जनुक मोडलेले आहे, हे वेल्लोरला वैद्यक शिकलेले अजित वर्की यांच्या अमेरिकेतील गटाने आणि जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. फरक एका ऑक्सिजन अणूचा, पण शरीर तेवढाही खपवून घेत नाही. घोड्याचे रक्तद्रव टोचलेल्या रुग्णांत प्राण्यांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे हँगानुत्झिऊ आणि डाइशर यांना १९२० च्या दशकातच आढळले होते. त्या प्रतिपिंडांचे लक्ष्य हेच आम्ल असल्याचे पुढे कळले. मुंबईच्या हाफकीनसारख्या संस्थांत सर्पदंशावरचे औषध घोड्याच्याच रक्तातून काढतात, म्हणून ही बाब केवळ पुस्तकी नाही.

या साखळ्या कामाच्याही असतात. सियालिल लुईस-एक्स या चार शर्करांच्या साखळीमुळे न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा प्रकार रक्तवाहिनीच्या भिंतीला अडखळत थांबतो आणि संसर्गाच्या जागी बाहेर पडतो. माणसाच्या न्यूट्रोफिलवर ती भरपूर असते. उंदराच्या न्यूट्रोफिलवर नेहमीच्या चाचणीत ती सहसा दिसत नाही, तरीही ते भिंतीला धरतातच. उंदरावरचे निष्कर्ष माणसाला लावताना म्हणूनच हात आखडता घ्यावा लागतो.

सियालिल लुईस-एक्स साखळीतली एक शर्करा म्हणजे फ्यूकोज. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात ती तांबड्या पेशींवर ठरल्या जागी चढत नाही. पांढऱ्या पेशींचे विकर वेगळे, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही आणि रक्त चढवण्याची वेळ येईपर्यंत माणूस ठणठणीत असतो. १९९२ मध्ये वर्णन झालेल्या एका दुर्मीळ विकारात मात्र फ्यूकोज पेशीतल्या जोडणीच्या जागी पोहोचतच नाही. या मुलांचा रक्तगट बॉम्बे निघतो. पांढऱ्या पेशी ढिगाने असतात, पण वाहिनीबाहेर पडत नाहीत, आणि संसर्ग पुन्हापुन्हा होतो. काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज दिल्यावर संसर्ग कमी झाले, काहींना त्याचा उपयोग झाला नाही.