बॅलेची वेशभूषा

बॅलेची वेशभूषा : बॅले या यूरोपीय नृत्यनाट्यप्रकारातील वस्त्रे, पादत्राणे, मुखवटे, केशरचना व अलंकार यांचा समावेश बॅलेच्या वेशभूषेत होतो. भारतीय नाट्यशास्त्रात अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी आहार्य अभिनयाशी तिचे जवळचे नाते आहे. बॅलेत संवाद नसल्यामुळे पात्राची ओळख पटविण्याचे बरेचसे कार्य वेशाकडे येते. परंतु तोच वेश नर्तकाच्या हालचालींना मर्यादाही घालतो. पात्राला शोभा देणारा वेश आणि नर्तकाला मोकळीक देणारा वेश यांतील विरोध अठराव्या शतकात तीव्र झाला व त्यातूनच आधुनिक बॅलेच्या वेशभूषेची दिशा ठरली. विसाव्या शतकात मुंबईतील नृत्यनाट्यकारांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या परिस्थितीत उभा राहिला.

बॅलेचा जन्म राजदरबारात झाला. फ्रान्सच्या चौदाव्या लूईने १६६१ मध्ये नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली. पुढे व्यावसायिक नर्तक रंगभूमीवर आले व १६८१ पासून पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकीही नाचू लागल्या. मात्र वेश दरबारीच राहिला. झां बेरँ (१६४०–१७११) याने आखलेल्या वेशांत जर, पिसे व भरतकाम यांची रेलचेल असे. पुरुष नर्तक कमरेभोवती तारांच्या वा वेताच्या आधाराने ताठ उभा राहणारा, गुडघ्यापर्यंतचा घेरदार झगा घालीत. त्यास ‘तोनले’ म्हणत. स्त्रियांचा घागरा जमिनीपर्यंत लांब असून, ‘पान्ये’ नावाच्या सांगाड्यामुळे तो दोन्ही बाजूंना फुगत असे. त्यांच्या जोडीला कृत्रिम केसांचा टोप, उंच टाचांचे बूट व मुखवटा हे होतेच. पात्र वाऱ्याचे असो वा नदीचे, मूळ बेत दरबारी पोशाखाचाच असे. त्यावर एखादे चिन्ह जोडले, की पात्र सिद्ध झाले असे मानीत. अशा वेशात डौल साधता येई, परंतु उंच उड्या व जलद पदन्यास अवघड होत.

या बंधनांना पहिला धक्का दोन नर्तकींनी दिला. मारी कामार्गो (१७१०–७०) हिने १७२६ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात पदार्पण केले. उडी घेऊन हवेतच पायांची झपाट्याने अदलाबदल करण्याचे, तोवर पुरुषांचे मानले गेलेले कौशल्य तिने आत्मसात केले होते. ते प्रेक्षकांना दिसावे, म्हणून तिने घागऱ्याची लांबी घोट्याच्या वर आणली. आज हा बदल क्षुल्लक वाटला, तरी त्या काळी त्यावर मोठा गहजब झाला. तिची समकालीन मारी साले (१७०७–५६) हिचा रोख कौशल्यापेक्षा भावाभिव्यक्तीवर होता. १७३४ मध्ये लंडन येथे स्वतः रचलेल्या पिग्मॅलियन या बॅलेत सजीव होणाऱ्या पुतळ्याची भूमिका करताना तिने सांगाडा, टोप व अलंकार टाकून दिले आणि ग्रीक मूर्तीप्रमाणे अंगावर सैल रुळणारे साधे मलमलीचे वस्त्र नेसून, केस मोकळे सोडून नृत्य केले. एकीने पायांसाठी, तर दुसरीने भावासाठी वेशात बदल केला. पुढील सर्व सुधारणा या दोन हेतूंभोवतीच फिरताना दिसतात.

या सुधारणांना तात्त्विक बैठक झां झॉर्झ नोव्हेर (१७२७–१८१०) याने दिली. नृत्यविषयक पत्रांच्या १७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने बॅले ही कथा सांगणारी कला आहे, असे प्रतिपादन केले आणि तोनले, पान्ये, अवजड टोप व मुखवटा यांवर टीका केली. त्याचा मुख्य आक्षेप मुखवट्यावर होता. मुखवट्याची मुद्रा एकच असते. शोक, क्रोध व हर्ष हे भाव मात्र क्षणाक्षणाला पालटतात. ज्याचा चेहराच झाकला आहे, तो नर्तक अर्धी कथा गमावून बसतो, असे त्याच्या युक्तिवादाचे सार होते. मुखवट्याचा ऱ्हास मात्र एका व्यावहारिक प्रसंगाने वेगाने झाला, असे सांगतात. १७७२ मध्ये पॅरिस येथे गाएतां व्हेस्त्रिस याच्या जागी माक्सिमिल्यें गार्देल यास नाचावे लागले. आपण व्हेस्त्रिस नसून गार्देल आहोत, हे प्रेक्षकांना कळावे, म्हणून त्याने मुखवटा घालण्यास नकार दिला. नोव्हेरचा जन्मदिन २९ एप्रिल हा १९८२ पासून आंतरराष्ट्रीय नृत्यदिन म्हणून पाळला जातो.

परदेशांविषयीचे कुतूहल हे त्या शतकाच्या अभिरुचीचे आणखी एक लक्षण होय. झां फीलीप रामो याच्या १७३५ मधील एका ऑपेरा-बॅलेत तुर्क, पेरूमधील इंका, पर्शियन व अमेरिकन आदिवासी यांचे प्रसंग होते. त्यांचे वेश बव्हंशी कल्पनेचे असत. फेटा वा पिसांचा मुकुट घातला, की पौर्वात्य वा अमेरिकन पात्र उभे राही. झां दोबेर्व्हाल याच्या १७८९ मधील बोर्दो येथील बॅलेत मात्र देवदेवतांऐवजी ग्रामीण माणसे अवतरली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हलकी, ग्रीक धर्तीची वस्त्रे व सपाट पादत्राणे रूढ झाली. परिणामी एकोणिसाव्या शतकातील तलम घागरा व चवड्यांवरील नृत्य यांचा मार्ग मोकळा झाला.

मुंबईत बॅले ही संज्ञा पुढे भारतीय नृत्यनाट्यालाही लागू झाली. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेल्या उदय शंकर यांनी १९२३ मध्ये लंडन येथे आन्ना पाव्हलोव्हा हिच्याबरोबर राधाकृष्णविषयक नृत्य सादर केले. कथक नृत्याला समूहनाट्याचे रूप देणाऱ्या मेनका यांनी खंडाळ्यास नृत्यालय काढले. उदय शंकर यांच्या अलमोडा येथील केंद्रात काम केलेले शांती बर्धन १९४४ मध्ये भारतीय जननाट्य संघाच्या अंधेरी येथील पथकात आले. बंगालचा दुष्काळ व नफेखोरी यांसारखे विषय तेथे रंगभूमीवर आले. राजवस्त्रांची जागा शेतकऱ्याच्या वेशाने घेतली.

१९५२ मध्ये बर्धन यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ ही संस्था स्थापन केली. क्षयरोगामुळे त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले होते. त्यांच्या रामायण या नृत्यनाट्यात माणसेच कळसूत्री बाहुल्या झाली : चौकोनी मुखवटे, ताठ वेश आणि तुटक, कोनयुक्त हालचाली. नोव्हेरने जो मुखवटा व जो ताठ वेश त्याज्य ठरविला होता, तोच येथे हेतुपूर्वक स्वीकारला गेला. बाहुलीचा चेहरा स्थिर असल्यामुळे सर्व भाव मान, खांदे व हात यांतून व्यक्त करावा लागे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातही मुखवट्याचे कार्य चेहरा लपविण्याचे नसून देवता प्रकट करण्याचे असते. बर्धन यांचे १९५४ मध्ये निधन झाले. पंचतंत्र हे त्यांचे नृत्यनाट्य सहकाऱ्यांनी पूर्ण केले. संस्था १९६४ मध्ये ग्वाल्हेरला व पुढे भोपाळला गेली.

यावरून वेशाचे मूल्य त्याच्या हलकेपणावर वा भरजरीपणावर अवलंबून नसते, हे दिसून येते. पॅरिसमध्ये मुखवटा गळून पडला, कारण तो केवळ रूढी म्हणून उरला होता. मुंबईत तो परत आला, कारण कथेला त्याची गरज होती.