भाईंदर ते चंद्र, वीस पोत्यांत

समुद्राच्या एका लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ! त्या मिठावर भाईंदरची मिठागरं उभी राहिली, आणि त्याच खाडीकाठच्या खाऱ्या चिकणमातीत आपल्याला भाजी लावायची आहे. चला, आकडे काढू या.

वाफा दहा फूट बाय दहा फूट, खोली एक फूट. माती भरली साधारण पावणेचार हजार किलो! हजार किलोमागे तीनच किलो मीठ धरा. झालं अकरा किलो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. त्या मापाने चौघांच्या घराला हे मीठ दीड वर्ष पुरेल! आणि फरसबी? समुद्राच्या खारेपणाच्या पन्नासाव्या हिश्शाच्या पुढे गेलात की तिचं पीक घटू लागतं. टोमॅटो जरा दणकट, तो विसावा हिस्सा सोसतो.

हे मीठ धुणार कोण? पाऊस! आपल्याकडे तो वर्षाला दोन मीटरहून जास्त पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर दोन लाख लिटर. चार मीटर रुंद, सहा मीटर पाण्याने भरलेल्या जवळजवळ पावणेतीन विहिरी, त्याही फुकट! एक फूट मातीतलं बहुतेक मीठ धुवायला साधारण एक फूट पाणी लागतं. पाऊस देतो त्याच्या साडेसहा पट! कोकणातली खारजमिनीतली भातशेती याच धुण्यावर चालते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने तर खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जातीच काढल्या.

पण धुतलेल्या मिठाला वाट हवी. खाडीकाठी जमिनीखालचं पाणी जवळच असतं. म्हणून वाफा खणायचा नाही, दीड फूट उचलायचा आणि भोवती चर काढायचा.

उचलायला भर कुठली? स्वयंपाकघरातली! 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती 8,09,378 होती. चौघांचं एक घर, घरटी रोज अर्धा किलो सालं-देठं धरली तर दिवसाला शंभर टन. वर्षाला साडेछत्तीस हजार टन! एक मालगाडी साडेतीन हजार टन वाहते असं धरा. वर्षाला दहा मालगाड्या भरून खताचा कच्चा माल!

हा माल कुजवतं कोण? आता श्वास रोखा. शास्त्रज्ञ सांगतात, चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर मातीत, 100 कोटींच्या घरात जिवाणू असतात. सेकंदाला एक रुपया, दिवसरात्र न थांबता मोजलात तर 100 कोटी रुपये मोजायला जवळजवळ 32 वर्षं लागतील! एक जिवाणू मिलिमीटरचा हजारावा भाग धरून ते रांगेत लावा: चिमटीतून निघाली एक किलोमीटरची रांग. 150 ग्रॅम, एक मूठ माती: मुंबई ते पुणे! वीस किलोचं एक पोतं: वीस हजार किलोमीटर. दोन पोती: पृथ्वीला पूर्ण वेढा! आणि वीस पोती? चार लाख किलोमीटर. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर आहे. रांग चंद्राच्याही पुढे गेली!

एवढी फौज उन्हाळ्यात उघडी टाकू नका. ऊन खालचं पाणी वर ओढतं, आणि पाण्याबरोबर मीठही. चार बोटं पाचोळा पसरा, चर मोकळा ठेवा आणि पहिल्या वर्षी फरसबीचा हट्ट सोडून टोमॅटो लावा.