तार, त्वचा आणि मधला ओलावा

कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलने निघालात की पहिले स्टेशन लागते शहाड. उल्हासनगरच्या या टोकाला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. लाकडाच्या लगद्यातून तिथे रेशमासारखा धागा काढला जातो. हा लगदा म्हणजे सेल्युलोज. लहान लहान रेणू ओवून सजीवांनी बनवलेल्या अशा लांब माळांना जैवबहुवारिके म्हणतात. हृदयाचे ठोके टिपण्यासाठी हीच बहुवारिके वापरता येतील का, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे.

नेहमीच्या ईसीजीसाठी छातीवर ६ आणि हातापायांवर ४ असे १० इलेक्ट्रोड लावतात. हृदयातली वीज कातडीपर्यंत पोचते तेव्हा ती जेमतेम १ मिलिव्होल्ट उरते. टॉर्चमधल्या सेलच्या दीड हजाराव्या हिश्श्याइतकी! त्यात आणखी एक अडचण. शरीरात वीज वाहते ती क्षारांच्या आयनांमार्फत, तर तारेत वाहतात इलेक्ट्रॉन. या दोघांमधला दुभाषा म्हणजे इलेक्ट्रोड. दुभाष्याचे काम ओलाव्याशिवाय नीट होत नाही. ईसीजीचे जनक आइन्टहोव्हेन रुग्णाचे हातपाय चक्क मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवत. त्यांना १९२४ साली नोबेल मिळाले. आज पाण्याच्या जागी जेल आले आहे, आणि त्यामागे चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा थर.

जेल वाळले किंवा पट्टी सैल झाली की आलेख थरथरतो. मग दोष हृदयाचा की जोडणीचा, हे ओळखणे डॉक्टरांना अवघड जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची किंवा वृद्धाची त्वचा तर इतकी नाजूक असते, की घट्ट चिकटपट्टी काढताना सोलवटते.

म्हणून मऊ, पाणी धरून ठेवणारे पदार्थ हवेत. सेल्युलोज, कोळंबीच्या टरफलातून मिळणारे कायटोसान, समुद्री शेवाळातले अगर ही त्यांची उदाहरणे. अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास. रसायनशास्त्र शिकवताना मी मिठाच्या पाण्यात शिजवून थिजवलेली त्याची पट्टी मीटरला जोडून दाखवत असे. काटा हले. तीच पट्टी पुरती वाळली की काटा हलायचा थांबे. वीज वाहत होती ती पट्टीत अडकलेल्या खारट पाण्यातून.

ओलावा टिकावा म्हणून अशा जेलमध्ये ग्लिसरीन घालतात. दुसरा उपाय म्हणजे वीजवाहक बहुवारिक मिसळणे. प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ धातूसारखी वीज वाहू शकतो, हे १९७७ साली दिसले आणि त्या शोधाला २००० सालचे नोबेल मिळाले. अशा बहुवारिकांपैकी पॉलिॲनिलीन ज्यापासून बनते, ते ॲनिलीन रंगांच्या धंद्यातले जुनेच रसायन आहे. मात्र वाहक फार घातला तर पट्टी ठिसूळ होते, कमी घातला तर वीज अडते. उन्हाळ्यात ती आक्रसू नये, पावसाळ्याच्या दमटपणात फुगू नये, त्वचेला खाज येऊ नये आणि प्रत्येक घाणा सारखाच उतरावा. या कसोट्या पार पडल्याशिवाय ती रुग्णाच्या अंगावर लावता येत नाही.

अंबरनाथ, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायने हाताळणारे अनुभवी हात आहेत. असे काम उद्या इकडे आले तर मला आनंदच होईल. पण ‘जैव’ या शब्दाने आपण भुलू नये. रेयॉनसाठी सेल्युलोज विरघळवायला कार्बन डायसल्फाइडसारखे विषारी रसायन लागते. कच्चा माल झाडाचा असला तरी सांडपाणी झाडाचे नसते. कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे सोसणारी वालधुनी नदी याची साक्ष आहे. बाळाच्या कातडीची काळजी घेणारी पट्टी नदीच्या जिवावर बनू नये, एवढे पाहावे लागेल.

तोवर एक साधी गोष्ट आपल्या हाती आहे. ईसीजीला जाताना छातीला तेल, मलम, पावडर लावू नका. पट्टीखाली आग होत असेल तर लगेच सांगा. दुभाषा कितीही चांगला असला, तरी त्याला नीट ऐकू आले पाहिजे ना!