जाळीवरचा चिकटा

वृत्तपत्राच्या छापखान्यात रात्री काढलेल्या माणसाला एका आवाजाची नेहमी धास्ती असते. मजकूर वेळेत गेलेला असतो, यंत्र पुरत्या वेगाने धावत असते, गावोगावचे गठ्ठे नेणाऱ्या गाड्या बाहेर उभ्या असतात, आणि एकाएकी फट्‌कन आवाज होऊन कागदाचा पट्टा तुटतो. यंत्र थांबवावे लागते, कागद पुन्हा ओवावा लागतो आणि पहिली गाडी चुकते. अशा वेळी आम्ही संपादक मंडळी छपाई कामगाराकडे रागाने पाहतो, आणि जाणता कामगार मात्र तुटलेले टोक दिव्याखाली धरून पाहतो. पुष्कळदा तेथे बाजरीच्या दाण्याएवढे छिद्र किंवा एखादा तेलकट, चिकट ठिपका सापडतो. म्हणजे अपराध त्या रात्रीचा नसतो आणि त्या कामगाराचाही नसतो. तो कित्येक दिवसांपूर्वी, शेकडो कोसांवरच्या कागद गिरणीत, एका जाळीवर घडलेला असतो.

कागद करण्याची क्रिया सांगायला सोपी आहे. लाकूड, बांबू वा रद्दी यांचा लगदा करून तो भरपूर पाण्यात कालवावयाचा, इतका की शंभर भागांत तंतू जेमतेम एक भाग असावा. हे मिश्रण जाळीवर पसरले की पाणी खाली गळते आणि तंतूंची साय वर राहते. शेकडो वर्षे हे काम चौकटीच्या चाळणीने, एकेक ताव करून चालत असे. फ्रान्समध्ये निकोला-लुई रॉबेर याने १७९९ साली अखंड फिरणाऱ्या जाळीच्या यंत्राचे एकस्व मिळविले. इंग्लंडमध्ये ब्रायन डॉन्किन याने ते यंत्र व्यवहारात आणले. ज्या फोरड्रिनियर बंधूंनी त्यावर आपली संपत्ती ओतली त्यांचे नाव यंत्राला लाभले, पण त्यांचे स्वतःचे दिवाळे निघाले.

तत्त्व आजही तेच आहे. जाळीवरून उतरलेला ओला कागद बुरणुसासारख्या जाड कापडावर बसून रुळांमधून पिळला जातो आणि पुढे वाफेने तापविलेल्या नळकांड्यांवर वाळतो. एके काळी जाळी ब्राँझच्या तारांची आणि बुरणूस लोकरीचा असे. आता जाळी बहुधा पॉलिएस्टरची आणि बुरणूस नायलॉनचा असतो, आणि मोठ्या यंत्रावर ही कापडे मिनिटाला हजार मीटरहून अधिक वेगाने धावतात. कागदाचा सारा गुण या कापडांच्या बारीक छिद्रांवर अवलंबून आहे. छिद्र बुजले की तेथले पाणी नीट गळत नाही, पिळले जात नाही, आणि कागद तेवढ्या जागी विरळ तरी होतो किंवा कापडाला चिकटून फाटतो तरी.

ही छिद्रे बुजवितो तो चिकटा कसा असतो, हे आपल्या किनारपट्टीवरील वाचकाला सांगावयास नको. ज्याने फणस कापला आहे त्याला तो ठाऊक आहे. पाण्याने धुवावयास जावे तो हा चीक बोटांना अधिकच घट्ट धरतो. कागद गिरणीतला चिकटा तीन वाटांनी येतो. पहिली वाट लाकडाची. चीड, पाइन यांसारख्या वृक्षांत राळ आणि तेलकट द्रव्ये असतात, ती लगद्यात उतरतात. दुसरी वाट रद्दीची. पुस्तकांच्या बांधणीतील गोंद, खोक्यांच्या झडपांचा डिंक, पाकिटांच्या कडा, चिकटपट्ट्या, लेबले हे सारे रद्दीबरोबर येते आणि लगद्यात बारीक बारीक गोळ्यांच्या रूपाने फिरत राहते. तिसरी वाट जिवाणूंची. कोमट पाणी आणि त्यात पिष्ट, मग बुळबुळीत शेवाळासारखा थर धरावयास किती वेळ लागणार? त्यात गिरण्या आता पाणी वाचविण्यासाठी तेच पाणी पुनःपुन्हा वापरतात. हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे जी घाण पूर्वी गटाराने नदीत जात असे, ती आता यंत्रातच साठत राहते.

मग जाळी धुवावयाची कशी? फणसाच्या चिकावर आपण खोबरेल चोळतो. गिरण्यांनी त्याच न्यायाने रॉकेल आणि तत्सम द्रावके वापरली. त्यांनी भागले नाही तर कडक कॉस्टिक सोडा, नाही तर आम्ल. यंत्र थांबवावे, कापडावर ही द्रव्ये ओतावी, घासावे, धुवावे आणि पुन्हा चालू करावे. यात नुकसान केवळ थांबलेल्या तासांचे नाही. तापलेला तीव्र क्षार पॉलिएस्टरला खातो, तीव्र आम्ल नायलॉनला खाते, आणि क्लोरिनसारखी द्रव्येही नायलॉनचा धागा कमजोर करतात. म्हणजे जे कापड वाचवावयाचे त्याचेच आयुष्य धुण्याने घटते. रॉकेलाची वाफ कामगाराच्या छातीत जाते, आगीचे भय राहते ते निराळेच, आणि धुवणाचे पाणी अखेर कोठे तरी सोडावेच लागते. कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत कापडाची किंमत आणि थांबलेले तास लिहिले जातात. कामगाराची छाती आणि नदीचे पाणी यांना त्या वहीत रकाना नसतो.

या जुन्या रीतीला पर्याय ज्या वस्तूने दिला ती आपल्या स्वयंपाकघरालाही अपरिचित नाही. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा घालणाऱ्या गृहिणीला त्यातील रसायन माहीत नसेल, पण गुण माहीत असतो. पपईच्या चिकात एक एन्झाइम असते, शालेय पुस्तकांच्या भाषेत विकर, आणि ते मांसातील प्रथिनांचे लांब धागे तोडते. एक चीक चिकटतो, दुसरा सोडवितो, आणि दोन्ही परसातल्याच झाडांचे. जर्मनीच्या एडुआर्ट बुखनर याने १८९७ साली यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखविले, आणि ही शक्ती सजीव पेशीबाहेरही काम करू शकते हे सिद्ध झाले. अमेरिकेच्या जेम्स समनर याने १९२६ साली एक एन्झाइम प्रथमच स्फटिकरूपात वेगळे काढले, तेही आपल्या अबईच्या कुळातील एका शेंगेच्या दाण्यांतून. आणि एमिल फिशर याने १८९४ मध्येच त्याचा स्वभाव सांगून ठेवला होता: एन्झाइम आणि ज्यावर ते काम करते तो पदार्थ यांचे नाते कुलूप आणि किल्लीसारखे असते. कॉस्टिक सोडा हा हातोडा आहे. तो कुलूपही फोडतो आणि दारही. एन्झाइम आपलेच कुलूप तेवढे उघडते.

या किल्लीचा कागद गिरणीतील पहिला मोठा उपयोग जपानने केला. तेथे वृत्तपत्राच्या कागदासाठी तांबड्या पाइनचे लाकूड दळून लगदा करीत. त्यातील राळ इतकी त्रास देई की ओंडके महिनोन्‌महिने आवारात रचून ठेवावे लागत, म्हणजे तेवढ्या काळात तेलकट अंश आपोआप कमी होई. पण त्यात भांडवल अडकून पडे आणि लाकूड काळवंडून विरंजनाचा खर्च वाढे. जुजो पेपर या कंपनीने डेन्मार्कच्या नोवो कंपनीने बनविलेले लायपेज हे एन्झाइम १९९० च्या सुमारास लगद्यात घालण्यास आरंभ केला. राळेतील तेलाचे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांत विघटन करणे एवढेच त्याचे काम. तेल फुटले की राळेचा चिकटपणा मोडतो, आणि सुटी झालेली आम्ले तुरटीसारख्या द्रव्याने तंतूंना बांधून कागदाबरोबरच बाहेर काढता येतात. त्यानंतर ताजे लाकूड अधिक प्रमाणात वापरता येऊ लागले.

रद्दीच्या चिकट्याचे उत्तर अमेरिकेतून आले. मेम्फिस शहरातील बकमन लॅबोरेटरीज या कंपनीला २००४ साली तेथील सरकारचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला, तो ऑप्टिमाइझ नावाच्या एन्झाइमसाठी. हे एस्टरेज जातीचे. बांधणीच्या आणि खोक्यांच्या गोंदात पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे द्रव्य फार असते. त्याचा एस्टर बंध हे एन्झाइम तोडते, आणि उरते ते पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनिल अल्कोहोल. जो गोळा जाळीला चिकटावयाचा, त्याची चिकटण्याची शक्तीच जाते. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीत एका गिरणीचे उदाहरण आहे: द्रावकाचा वापर रोज ६०० गॅलननी, म्हणजे सव्वादोन हजार लिटरहून अधिक, घटला आणि उत्पादन ६ टक्क्यांहून अधिक वाढले. नदी वाचविण्यासाठी कारखान्याला तोटा सोसावा लागतो, असे आपल्याकडे कारखानदार नेहमी ऐकवितात. त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

एन्झाइम लगद्यात घालता येते, तसेच ते थेट कापडावरही देता येते. कागद पुढे गेल्यावर जाळी रिकामी परतते. त्या परतीच्या वाटेवर तिच्यावर सौम्य, कोमट द्रावण फवारले की प्रत्येक फेरीत थोडे थोडे काम होत राहते, आणि साचून घट्ट होण्यापूर्वीच घाण सुटू लागते. यंत्र थांबविण्याचे प्रसंग त्याने कमी होतात. येथे चाणाक्ष वाचक विचारील की एस्टर बंध तोडणारे द्रव्य पॉलिएस्टरच्या जाळीवर फवारावयाचे, तर ते जाळीलाच का खात नाही? शंका रास्त आहे. पण जाळीच्या धाग्यात पॉलिएस्टरच्या साखळ्या इतक्या घट्ट आणि शिस्तीने रचलेल्या असतात की यंत्रावरच्या तापमानाला या किल्लीला कुलपात शिरावयास जागाच सापडत नाही. जिवाणूंच्या थरावरही हाच उपाय लागू आहे. त्याच्या भोवतीचे पिष्टमय आणि प्रथिनमय वेष्टण फोडणारी एन्झाइमे निराळी असतात.

तरीही हा रामबाण आहे असे सांगणे वाचकाची फसवणूक होईल. किल्ली एका कुलपाची असते हे जसे तिचे सामर्थ्य, तशीच ती तिची मर्यादा. मेण किंवा काही रबरी गोंद यांच्यात तो बंधच नसतो; तेथे एस्टरेज हात टेकते. पाणी फार तापले, फार आंबट वा क्षारी झाले, किंवा जंतुनाशक म्हणून त्यात क्लोरिन पडला, तर एन्झाइम निकामी होते. शिवाय जे विरघळले ते नाहीसे झाले असे नव्हे. ते पाण्यात गेले, आणि ते पाणी शुद्ध करण्याची जबाबदारी कायमच आहे. कामगाराच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. धुण्याच्या पावडरीत एन्झाइमे घालू लागल्यावर त्यांच्या धुळीने कारखान्यातील कामगारांना दम्याचे विकार जडत असल्याचे वृत्त १९६९ साली ब्रिटनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. म्हणून ही द्रव्ये कोरड्या भुकटीऐवजी द्रवरूपात आणावीत, त्यांचा तुषार कामगाराच्या नाकातोंडात जाणार नाही अशी तजवीज असावी. रॉकेलाच्या वाफेतून सुटलेला कामगार एन्झाइमच्या तुषारात सापडला, तर सुधारणा कसली?

आता आपल्याकडे वळू. १९५६ साली पंडित नेहरूंनी नेपानगरची वृत्तपत्र-कागदाची गिरणी राष्ट्राला अर्पण केली, तेव्हा ती सालई आणि बांबू यांच्या जंगलांवर विसंबून होती. आज देशातील कागदाचा फार मोठा भाग रद्दीपासून होतो. जंगलांच्या दृष्टीने ते शुभच आहे. पण रद्दीवर चालणारी प्रत्येक गिरणी या चिकट्याशी रोज झुंजत आहे. त्यांतील कित्येक गिरण्या लहान आहेत. त्यांच्याकडे रसायनतज्ज्ञ नाही, आणि रॉकेलाचा डबा मात्र हाताशी आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने आलेली नियंत्रण मंडळे गिरणीच्या नळाच्या तोंडाशी उभी राहून पाणी मोजतात. त्यांनी एक पाऊल आत टाकून, जाळी कशाने धुतली जाते आणि ते द्रव्य महिन्याला किती लागते हेही विचारावे. लहान गिरण्यांना चाचणीची सोय आणि तज्ज्ञाचा सल्ला मिळवून देणे हे त्यांच्या संघटनांचे आणि सरकारचे काम आहे.

थोडे काम आपल्याही घरचे आहे. आमच्या लहानपणी वह्यांना वेष्टने चढत ती गव्हाच्या खळीने, आणि वर्तमानपत्रावर पत्त्याची चिठ्ठी लागे तीही खळीनेच. ती पाण्यात पडली की सुटे. आज प्रत्येक खोक्यावर प्लास्टिकची पट्टी आणि प्रत्येक फळावर चिकट लेबल आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने आपल्या चिकट तिकिटांचा गोंद लगद्यात त्रास देतो हे ओळखून गेल्या शतकाच्या अखेरीस त्यावर संशोधन करविले आणि निरुपद्रवी गोंदाचा शोध घेतला. आपले वेष्टन-उत्पादक तो विचार करतील तेव्हा करोत. तोवर रद्दीवाल्याला गठ्ठा देण्यापूर्वी खोक्यावरची पट्टी ओढून काढणे कोणालाही अवघड नाही. आपण न काढलेली ती पट्टी कोण्या गिरणीतील कामगाराला रॉकेल ओतून काढावी लागते, आणि तिचा उरलेला ठिपका एखाद्या रात्री याच वर्तमानपत्राच्या कागदात आमच्या छापखान्यात परत येतो.