विनोद नाही, तरी हसू कसं येतं?

सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला जाणाऱ्यांना हे दृश्य अनोळखी नाही: गोल उभी राहिलेली ज्येष्ठ मंडळी हात वर करतात आणि खदाखदा हसतात. कुणीही विनोद सांगितलेला नसतो. मग हसू येतं कुठून?

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांनिशी असा हास्यक्लब सुरू केला. आधी विनोद सांगत. ते संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसायचं ठरलं.

सुरुवातीचं हसू ठरवून आणलेलंच असतं. पण दुसऱ्याचं हसणं कानी पडलं, की आपला मेंदू चेहऱ्याच्या स्नायूंना तशाच हालचालीसाठी सज्ज करतो. त्यात नजरानजर झाली, की आणलेलं हसू खरं होतं.

हसताना पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू झटक्याझटक्यानं आवळतात. लोहाराचा भाता दाबावा तशी फुप्फुसांतली हवा बाहेर पडते आणि पुढचा श्वास आपोआप खोल जातो. स्नायूंच्या या श्रमामुळे मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक रसायनं स्रवत असावीत, असं संशोधक मानतात. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाला २०११ मध्ये आढळलं, की पोटभर हसल्यानंतर माणसं जास्त वेदना सोसू शकतात.

हसणं औषधांची जागा घेत नाही. हर्निया असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी मात्र संकोच सोडून त्या गोलात उभं राहावं. एकट्यापेक्षा चारचौघांत हसू कितीतरी सहज फुटतं.